वसंतात कुत्री लठ्ठ होती

दाइवाने सर्वांत कमी गुण दिले होते, एक्केचाळीस, आणि आपल्या चिठ्ठीकडे ती समाधानाने बघत होती. जूनचा दुसरा सोमवार. दर वर्षी या दिवशी विद्यापीठाच्या भाषाकेंद्रात गुण जुळवण्याची बैठक भरे. उन्हाळी वर्गाला शिकवणारे सातही जण लांबट टेबलाभोवती बसत. त्यांच्यापुढे जुन्या विद्यार्थ्यांचे तीन निबंध ठेवलेले असत, अ, ब आणि क, नावं खोडून नव्याने टाइप केलेले. प्रत्येकाने ते तपासायचे, गुण चिठ्ठीवर लिहून चिठ्ठी पालथी घालायची आणि मग सगळ्यांनी एकदम उलटायची. ज्याचा आकडा इतरांपासून पाचाहून जास्त लांब पडेल त्याने कारण सांगायचं, आणि उरलेले सहा जण त्याला चहाबिस्किटांच्या मदतीने, कुठेही आवाज न चढवता, ओळीत आणून बसवत. हेतू इतकाच की दहा आठवड्यांनी खरे निबंध तपासायची वेळ येईल तेव्हा सातही पट्ट्या एका लांबीच्या असाव्यात. इंग्रजीतून शिकायला जगभरातून आलेल्या माणसांना ही मंडळी निबंध कसा लिहावा, टिपणं कशी काढावीत, दुसऱ्याचं म्हणणं आपल्या शब्दांत कसं मांडावं, आणि सर्वांत मुख्य म्हणजे स्वतःचं म्हणणं आपलं नाहीच अशा थाटात कसं मांडावं, हे शिकवत. शेवटच्या निबंधात साठ मिळाले की सप्टेंबरात पदव्युत्तर वर्गात प्रवेश. एकोणसाठ मिळाले की विमानतळ.

"दाइवा, अगं एक्केचाळीस?" केंद्रप्रमुख फर्गस म्हणाला. "नमुना क ला बाकीच्या सगळ्यांनी पन्नासच्या आगेमागे दिलेत."

"मग कारण बाकीच्यांनी सांगावं," ती म्हणाली, आणि टेबलाभोवती अपेक्षित हशा पिकला. तिची पट्टी सगळ्यांत खरी, हे केंद्रात सर्वमान्य होतं. नवीन शिक्षक आपले गुण तिच्या गुणांशी ताडून बघत, जसं लोक हातातलं घड्याळ स्टेशनवरच्या घड्याळाशी लावून घेतात. "पुरावा नाही, संदर्भ नाही, पानापानावर 'मी' आणि 'माझे वडील'. एका उद्योगाच्या खासगीकरणाचे परिणाम लिहायला सांगितलेत आणि हिने, का ह्याने, घरगुती पत्र लिहिलंय. हे ऐका." तिने चष्मा सारखा केला आणि खास या कामासाठी राखून ठेवलेल्या आवाजात, म्हणजे दुःखी बातमी देणाऱ्या निवेदकाच्या आवाजात, वाचायला सुरुवात केली. "'शनिवारी कारखाना बंद झाला. वडील घरी आले तेव्हा त्यांच्या हातांना कुठे बसावं ते कळत नव्हतं.'"

"हातांसाठी खुर्ची द्यायची होती," कॅलम म्हणाला. कॅलम सर्वांत तरुण, आणि त्याचा विनोद ऐकला की फर्गसला स्वतः तरुण असल्यासारखं वाटे.

"'गुरुवारपर्यंत त्यांच्या अंगाला एका उत्पादनाचा वास येत होता,'" दाइवाने पुढे वाचलं, आणि आता कॅलमने टेबलावर डोकंच टेकलं. मूळ निबंधातली ओळखीची सगळी नावं काढून टाकायची असा नियम होता, आणि फर्गसने टाइप करताना गावाच्या जागी 'एक शहर' आणि जे काय डब्यात भरलं जात होतं त्याच्या जागी 'एक उत्पादन' टाकलं होतं. हसण्याच्या त्या लाटेवर दाइवा पुढच्या वाक्यात शिरली, आणि तिथे एक गोष्ट घडली. डोळा ओळीच्या अर्ध्यात असताना तोंडाने ओळ पुरी केली. "'शुक्रवारी आईने खिडकी उघडली.'" तोंडाने ती वाचली नव्हती. तोंडाला ती पाठ होती. उत्पादन म्हणजे मासळी होती. शहर म्हणजे क्लाइपेडा, तिचं स्वतःचं बंदराचं गाव.

ती थांबली. सगळ्यांना वाटलं, परिणामासाठी थांबली.

"आता गंमत ऐका," फर्गस हातातलं पिवळं पडलेलं पान वर धरून म्हणाला. तळघर आवरताना त्याला जुन्या निबंधांचं एक खोकं सापडलं होतं, आणि नवीन नमुने शोधायचा त्रास वाचला म्हणून तो महिनाभर खुशीत होता. "हा सव्वीस वर्षांपूर्वीचा आहे. गुणपत्रक अजून टाचलेलं होतं. आधी दिलेत सत्तावन्न. मग हिरव्या पेन्सिलीने सत्तावन्नवर काट मारून साठ. आणि खाली लिहिलंय, 'जाऊ द्या हिला. शिकेल.' सही एम. एल."

"मॉइरा लेअर्ड?" केंद्रातल्या त्या जुन्या, कडक बाईंचं नाव कोणीतरी घेतलं. "मॉइराने?"

"तेव्हा लोक मऊ होते."

"असे हिरवे साठ घेऊन किती जण पुढे गेले असतील देव जाणे," कॅलम म्हणाला. "ही मुलगी पहिल्याच सत्रात आपटली असणार. बिचारीचं एक वर्ष फुकट गेलं त्या दयेपायी."

"मग दाइवा, नमुना क सत्तेचाळीसवर धरू या? सहा गुण वर ये. चालेल?"

"चालेल," दाइवा म्हणाली. स्वतःसाठी त्या दिवशी तिने केलं ते इतकंच.

दुपारी दोन वाजता तिचा वर्ग होता, वर्षातला पहिला तास, आणि पहिल्या तासाला ती नेहमी एक छोटं भाषण करी. वीस वर्षांत त्यातला शब्द हलला नव्हता. खिडकीकडच्या रांगेतल्या तिसऱ्या खुर्चीवर हात ठेवून ती म्हणे, मी याच खुर्चीत बसले होते. तुमच्याइतकंच इंग्रजी येत होतं, कदाचित कमी. मला इथे कोणी एक गुण फुकट दिला नाही. मला साठ मिळाले. खुर्ची अर्थात ती नव्हती, फर्निचर दोनदा बदललं होतं, पण साठ खरे होते. त्या साठांवर तर सगळा इमला उभा होता. मॉइरा गेली तेव्हा स्मशानगृहातल्या त्या गुळगुळीत दिवाणखान्यासारख्या खोलीत दाइवाच बोलायला उभी राहिली होती, आणि मॉइराच्या दोन बहिणींच्या देखत म्हणाली होती की या बाईने आयुष्यात कोणाला एक गुण जास्त दिला नाही, आणि म्हणून तिने दिलेला प्रत्येक गुण आम्ही दागिन्यासारखा जपला. बहिणींपैकी थोरली रडली होती. धाकटी जरा चमत्कारिक नजरेने बघत होती, ते दाइवाला आज, खुर्चीवर हात ठेवून उभी असताना, एकाएकी आठवलं. "मला इथे कोणी एक गुण फुकट दिला नाही," ती वर्गाला म्हणाली, आणि वीस वर्षांत पहिल्यांदा त्या वाक्याला एक शेपूट फुटलं, "असं दिसतं." कोणाच्या लक्षात आलं नाही. फक्त त्या तिसऱ्या खुर्चीत जो माणूस बसला होता, रुंद चेहऱ्याचा, वर्गातल्या पोरांत वडीलधारा दिसणारा, त्याने ते वहीत लिहून घेतलं. तो सगळंच लिहून घेई. त्याचं नाव ओत्गोनबायार होतं. मंगोलियातल्या एका जिल्ह्याचा तो सरकारी गुरांचा डॉक्टर, वय तेहतीस, आणि जनावरांच्या साथींचा अभ्यास करायला त्याला त्याच्या सरकारने एक वर्ष दिलं होतं. सप्टेंबरात वर्ग सुरू झाला नाही तर ते वर्ष रद्द. सगळे एकमेकांना नावाने हाक मारतात, मलाही दाइवाच म्हणा, असं ती सांगून चुकली होती, पण त्याची जीभ तिथे वळेना. तो तिला बाई म्हणे.

'असं दिसतं', 'असं म्हणता येईल', 'काही अंशी'. हे तिचं खास खातं होतं. ठाम विधान करणारा माणूस अडाणी असतो, हे ती विद्यार्थ्यांना इतक्या प्रेमाने पटवून देई की आठव्या आठवड्यापर्यंत पोरं आपल्या नावापुढेही 'कदाचित' लावायच्या बेताला येत. ही सवय तिच्या अंगात किती खोल गेली आहे ते तिचा नवरा ग्रॅहम घर सोडून गेला त्या दिवशी कळलं होतं. तो दारात बॅग घेऊन उभा असताना ती म्हणाली होती की आपल्या संबंधांत अलीकडे काही मर्यादा आढळतात. ग्रॅहम आगबोटींवर इंजिनदुरुस्ती करणारा सरळ माणूस, तो बॅग खाली ठेवून म्हणाला, "दाइवा, तुला रडायचं असलं तर रड की गं." ती रडली नव्हती. तेवढा पुरावा नव्हता. आणि त्याच तोंडाने सव्वीस वर्षांपूर्वी निकालाच्या दिवशी टेलिफोनच्या खोक्यात उभं राहून वडिलांना ओरडून सांगितलं होतं, साठ! काचेच्या दारावर चिकटवलेल्या यादीत आपल्या क्रमांकापुढे तो आकडा तिने तीनदा बोटाने तपासून पाहिला होता.

"शंभरातले?" वडिलांनी विचारलं होतं.

"हो."

"मग चाळीस कुठे गेले?"

तेव्हा ती हसली होती. वडील पुढच्याच वर्षी गेले. आता तिला वाटलं, चाळीस नव्हे, त्रेचाळीस. त्यांना खोटं सांगितलं गेलं होतं. या विचारात खरं तर काही हशील नव्हतं, पण बसमध्ये, टे नदीवरच्या पुलाकडे बघताना, दात घासताना तो तिथेच असे, दाताच्या फटीत अडकलेल्या सालपटासारखा. तीन. कोणाच्या तरी हातातल्या हिरव्या पेन्सिलीने काढलेली तीनाची वळणं. मॉइराच्या टेबलातली तसली एक पेन्सिल दाइवाने अंत्यविधीनंतर आठवण म्हणून उचलली होती आणि ती तिच्याच खणात पडून होती. आठवण कशाची, हे ठाऊक नसताना.

चौथ्या आठवड्यात कच्चे निबंध आले. हवामान आणि एखादा व्यवसाय असा विषय होता. ओत्गोनबायारने आपल्या जिल्ह्यातल्या एका हिवाळ्यावर लिहिलं होतं. बर्फ पडलं, मध्येच एक दिवस ऊन पडून ते वितळलं, रात्रीत पुन्हा गोठलं आणि गवतावर लोखंडासारखं कवच चढलं. मेंढ्या नाकाने ते खरवडत. नाकं फुटली. मग दोन पानं आकडे होते, बरेचसे चुकीच्या ठिकाणी स्वल्पविराम दिलेले, आणि परिच्छेदाच्या शेवटी एक वाक्य. 'वसंतात कुत्री लठ्ठ होती.' पुढे काहीच स्पष्टीकरण नव्हतं, पुढचा परिच्छेद सरकारी मदतीबद्दल होता. दाइवा ते वाक्य वाचून खुर्चीत मागे टेकली. तिला ते त्याच क्षणी कळलं, पोटात कळलं. बर्फ हटल्यावर सगळं माळरान कशाने भरलं असेल आणि कुत्री तिथून दिवसदिवस घरी का आली नसतील, आणि आली तेव्हा माणसं त्यांच्याकडे कोणत्या नजरेने बघत असतील. किती वर्षांत असं तिला काही कळलं नव्हतं. तिने पडद्यावरच्या समासात शिरून लिहिलं, 'स्रोत?'

आता इथली कोणीही मुलगी असती तर तिला या एका शब्दाचा अर्थ बरोबर समजला असता, की हे वाक्य काढून टाक. ओत्गोनबायारने तो प्रश्न आहे असं समजून त्याचं उत्तर शोधलं. पुढच्या आठवड्यात वर्गात सगळ्यांनी एकमेकांचे निबंध वाचायचे होते, आणि त्याच्या शेजारच्या मुलीने शेवटच्या पानावरची संदर्भयादी वाचता वाचता तोंडावर हात दाबला. यादी नमुनेदार होती. आडनावांप्रमाणे लावलेली, प्रत्येक वर्ष कंसात, प्रत्येक पूर्णविराम जागेवर. आणि त्यात, मार्गदर्शक पुस्तिकेतल्या एकोणचाळिसाव्या पानावर सांगितलेल्या पद्धतीबरहुकूम, एक नोंद होती. 'माझी आई. खासगी संभाषण, दूरध्वनीवरून. चौदा जुलै.'

"आई स्रोत होऊ शकत नाही का, बाई?" वर्ग हसायला लागला तेव्हा त्याने गंभीरपणे विचारलं.

"होऊ शकते. पण आईचं म्हणणं दुसऱ्या कोणाला तपासून बघता यायला हवं."

"मग खाली फोन नंबर देऊ?"

आता वर्ग मोकळेपणी हसला, आणि तोही थोडा हसला, कारण सगळे हसताहेत तर आपण हसावं इतपत तो इथे रुळला होता. दाइवाने हा किस्सा दुपारी शिक्षकांच्या खोलीत सांगायचा असं मनात टिपून ठेवलं. आणि तरी, कारण नसताना, तिने विचारलं, "काय म्हणाल्या आई?"

"ती म्हणाली, कुत्री लठ्ठ होती का, हे विचारतं कोण? मी म्हटलं, विद्यापीठ. मला वाटलं फोन तुटला. मग म्हणाली, त्यांना सांग, माणसं बारीक होती."

किस्सा तिने सांगितला, फोन नंबरपर्यंत. शेवटचं वाक्य गाळलं. ते गाळल्यावर किस्सा फार छान जमला. कॅलमच्या डोळ्यांत पाणी आलं. "मला तो माणूस आवडतो," तो डोळे पुसत म्हणाला, "परवा माझ्या म्हातारीचे, म्हणजे माझ्या कुत्रीचे, दात बघितले त्याने बागेत. फुकट. म्हणाला, हिला मऊ खायला घाला आणि खोटं बोलू नका तिच्याशी." दाइवाला कॅलमचा राग आला. कुठून आला ते कळलं नाही. त्या दिवसांत तिला असे बिनसंदर्भाचे राग येत.

आठव्या आठवड्यात प्रत्येकाला दहा मिनिटं एकांतात मिळत. ओत्गोनबायार दोन मिनिटं आधीच येऊन दाराबाहेर उभा होता.

"बाई, कुत्री काढली तर मी पास होईन?"

असं सरळ कोणी विचारत नसे. "निबंध अधिक शास्त्रीय होण्याची शक्यता वाढेल," ती म्हणाली.

त्याने लिहून घेतलं. "आणि आई?"

"आई पण काढा. 'मी' जिथे जिथे आहे तिथून काढा. आणि इतकं ठाम बोलू नका. तुम्ही लिहिलंय, जिल्ह्यातल्या निम्म्या मेंढ्या मेल्या."

"मेल्या, बाई. मी मोजल्या. ते माझं कामच होतं. कान कापून गोणीत भरायचे आणि मग कान मोजायचे, दोनाला एक."

"तरी. मृत्युदरात लक्षणीय वाढ झाल्याचं दिसून येतं, असं लिहा."

"कोणाला दिसून येतं?"

"कोणालाच नाही. नुसतं दिसून येतं."

त्याची पेन्सिल क्षणभर थांबली, मग चालू लागली. खरं तर त्या क्षणी ती त्याला सांगू शकली असती. तिच्या ओठांपर्यंत ते आलं होतं, की राहू दे ती कुत्री, माझ्यापुरती राहू दे. पण कोणी त्या वाक्याला हसणार होतं, आणि ते हसणं कसं असतं ते तिला जूनमध्ये कळलं होतं. आपण त्याला त्या हसण्यापासून वाचवतो आहोत, असं तिला वाटलं. माणूस दुसऱ्याला वाचवतो आहे असं वाटण्यासारखं सुख नाही, आणि तितकं निर्धोकही काही नाही.

"माझी मुलगी सहा वर्षांची आहे," वही मिटताना तो म्हणाला. "घरात सारखं साठ, साठ चालतं ना. तिला वाटतं ते गावाचं नाव आहे. रोज विचारते, बाबा, आपण साठला कधी जायचं."

"छान," दाइवा म्हणाली. दहा मिनिटं झाली होती.

शेवटचा निबंध तिने ऑगस्टच्या अखेरच्या बुधवारी सकाळी उघडला. खिडकीबाहेर समुद्रपक्षी कोणाच्या तरी पावाच्या रोलवरून भांडत होते. निबंध स्वच्छ होता. तिने आजवर जे जे शिकवलं ते सगळं त्यात, सांगितलेल्या जागी, सांगितलेल्या मापाने होतं. मृत्युदरात वाढ दिसून येत होती. काही अंशी ती हवामानाशी निगडित असल्याचं सुचवलं जात होतं. एकोणीस संदर्भ होते आणि त्यांतला एकही हाडामांसाचा नव्हता. कुत्री नव्हती. त्यांच्या जागी जोडणारं एक वाक्य होतं, इतकं गुळगुळीत की तिथून काही काढलं आहे हे फक्त ज्याने आधी पाहिलं त्यालाच कळावं. दाइवा रकान्यामागून रकाना भरत गेली. रचना, संदर्भ, भाषा, पुराव्याचा वापर, बेरीज एकोणपन्नास. उरला शेवटचा रकाना, वीस गुणांचा, 'लेखकाचा स्वतःचा आवाज'. तिने निबंध पुन्हा वर नेला आणि प्रामाणिकपणे, अगदी प्रामाणिकपणे, तो आवाज शोधला. पहिल्या पानावर नव्हता. चौथ्या पानावर नव्हता. जिथे होता तिथून तो काढून टाकल्याची खूण होती. तिने नऊ लिहिले. अठ्ठावन्न.

अठ्ठावन्न आणि एकोणसाठ हे आकडे मोठे नाजूक. नियम असा की या दोन गुणांवरचा निबंध दुसऱ्या शिक्षकाकडे जातो, आणि तिचा दुसरा शिक्षक कॅलम होता. कॅलम तो वाचणार, कुत्रीचे दात आठवणार आणि आवाजाच्या रकान्यात अकरा टाकणार. ऐकू न आलेला आवाज त्याला ऐकू येणार. साठ. मग हा माणूस सप्टेंबरात मुलीला विमानतळावर आणायला जाईल, आणि वीसेक वर्षांनी कोणी एखादं खोकं उघडील. दाइवाने खण उघडून हिरवी पेन्सिल काढली. बोटांत फिरवली. टोक मोडलेलं होतं, तेव्हापासूनचं. मॉइराने हे कसं केलं असेल? दुपार असेल, चहा निवला असेल, आणि एका परक्या मुलीच्या बापाच्या हातांची तिला दया आली असेल. त्या तीन गुणांच्या जिवावर दाइवा सव्वीस वर्षं या शहरात राहिली, जेवली, झोपली, दरसाल सहाशे लोकांची पट्टी झाली. दयेवर उभं राहिलेल्या माणसाने काय करावं? दया पुढे द्यावी, असं कुठल्याही शाळेतल्या पोराने सांगितलं असतं. पण दाइवाला दिसलं ते निराळंच. तिने जर हे सत्तावन्न-अठ्ठावन्न साठावर नेले तर तो कागद कबूल करील की साठ असे नेता येतात, म्हणजे तिचेही नेलेले होते. आणि कोणीतरी एक जण थेट परत गेला, आजही, या क्षणीही, तर साठ ही एक खरी, टणक, बाहेरची वस्तू राहील, आणि एकदा का ती खरी ठरली की मग हिरवी पेन्सिल ही मॉइराची नुसती एक लहर उरेल, जिच्यावाचूनही दाइवा कदाचित, काही अंशी, असं म्हणता येईल. इथे विचार थांबला. पण हात थांबला नव्हता. त्याने नवाचे आठ केले होते. सत्तावन्न. दुसऱ्या कोणाकडे जायची गरज उरली नाही.

अभिप्रायाच्या चौकटीत तिने लिहिलं, 'रचना नीटस, संदर्भ निर्दोष. मात्र लेखकाचा स्वतःचा आवाज कुठेच ऐकू येत नाही.' यातला शब्द न् शब्द खरा होता.

त्याच दुपारी फर्गसने दारातून डोकं आत घातलं. "दाइवा, पुढच्या वर्षीसाठी एखादा चांगला वाईट नमुना आहे का गं? क आता जुना झाला. खळखळून हसवणारा हवा, नाहीतर जेवणाआधी लोक पेंगतात." तिने ओत्गोनबायारचा चौथ्या आठवड्यातला कच्चा निबंध त्याच्याकडे पाठवून दिला. फर्गसने उभ्याउभ्याच फोनवर चाळला. "वा. कुत्री ठेवतो," तो म्हणाला. "की 'पाळीव प्राणी' करू? ओळख पटायला नको."

"प्राणी कर," दाइवा म्हणाली.

शुक्रवारी अकरा वाजता ओत्गोनबायार आला. नापास झालेल्याला समजावून सांगायला दहा मिनिटं द्यायची आणि तसा तक्ता भरायचा अशी पद्धत होती. त्याने कोट घातला होता. टेबलावर एक कापडी पुरचुंडी ठेवली. "आमच्याकडचं वाळवलेलं दही आहे, बाई. आईने सप्टेंबरसाठी पाठवलं होतं. दातांना जपून."

"आम्हाला भेटी घेता येत नाहीत."

"ही भेट नाही. मी परत नेलं तर ती विचारील." तो बसला. "मी गुण मागायला आलो नाही. माझा आवाज ऐकू आला नाही ते बरोबर आहे. मलाही आला नाही. तिकडे सगळ्यांना कळवलं मी. मुलीला सांगितलं, साठची गाडी चुकली. एकच विचारायचं होतं, विचारू?"

"विचारा."

"तुम्ही वर्गातल्या त्या तिसऱ्या खुर्चीत बसला होतात. पहिल्या दिवशी म्हणालात, मी लिहून ठेवलंय. तुम्हाला साठ मिळाले. तर तेव्हा तुम्ही काय काय काढलं होतं?"

दाइवाने हात टेबलावर ठेवले. मग मांडीवर घेतले. मग पुन्हा टेबलावर, पुरचुंडीच्या दोन बाजूंना. खोलीत आंबट दुधाचा, लोकरीचा, कुठल्या तरी लांबच्या घराचा वास हळूहळू भरत होता.

"काही नाही," ती म्हणाली. "मला काही काढावं लागलं नाही."

त्याने मान डोलावली. सगळा चेहरा शांत झाला, गणित सुटल्यावर होतो तसा. "म्हणजे तुमचं मुळातच चांगलं होतं," तो म्हणाला. उठला, खुर्ची टेबलाखाली नीट सरकवली आणि दार आवाज न करता लावून घेऊन गेला.

दाइवाने तक्ता पुढे ओढला. तोंडी अभिप्राय दिला, हो. विद्यार्थ्याला समजला, हो. सही केली आणि तारीख घातली. वास आता कागदालाही लागला होता. ती उठली आणि तिने खिडकी उघडली.